पाण्याचा वाकडेपणा

अकरावीला रेणूंचे आकार शिकवताना मी दोरी वापरते. तीन मुलांना पुढे बोलावते, मधल्याच्या कमरेला दोन दोऱ्या बांधते आणि दोन्ही बाजूंना एकेकाला उभं करते. आधी अगदी सरळ रेषेत, तोंडं विरुद्ध दिशांना. ओढा म्हणते. दोघं सारख्याच ताकदीचे असले तर मधला जागचा हलत नाही. हा कार्बन डायऑक्साईड. ओढाताण जोरात चाललेली असते, पण दोन ओढी एकमेकींना खाऊन टाकतात आणि बाहेरून बघणाऱ्याला काही झाल्याचं दिसत नाही. मग त्या दोघांना थोडं पुढे सरकवून कोन करते. आता ओढा म्हटलं की मधला धडपडत फळ्याकडे येतो. हे पाणी. ओढणारे तेच, ताकद तीच, फक्त उभं राहायची जागा बदलली. पाण्याचा रेणू मध्ये वाकलेला असतो, म्हणून त्याच्या एका बाजूला थोडा ऋण भार उरतो आणि दुसऱ्या बाजूला थोडा धन. त्याला ध्रुवीय म्हणतात. अशी दोन बाजू असलेली वस्तू रिकाम्या हाताने कुठून जात नाही. मीठ म्हणा, साखर म्हणा, खडकातलं काही म्हणा, धरते आणि आपल्यात ओढून घेते.

वर्ग हसतो, मधला मुलगा लाजतो, मी फळ्यावर बाण काढते. वर्षभरातला हा माझा सगळ्यात आवडता तास होता. आता तो जवळ आला की वाटतं, कोणी तरी दुसऱ्याने शिकवावा.

मी यवतमाळला एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माहेर महागाव तालुक्यातलं. शनिवारी कॉलेज सुटलं की एसटी धरायची, अर्ध्या तिकिटात बसायचं आणि रविवारी संध्याकाळी परत. सासरी म्हणतात, हिचं माहेर काही सुटत नाही. सुटत नाही खरंच. तिथे माझे बाबा आहेत, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची एकुलती मुलगी. ही भाची म्हणजे माझा जीव की प्राण. मी ओट्यावर पिशवी ठेवायच्या आत ती पिशवीत हात घालते.

बाबांचा जीव मात्र त्यांच्या बोअरमध्ये. पूर्वी पिण्याचं पाणी शेतातल्या विहिरीवरून यायचं, आणि उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की आई आणि मी रिकामे गुंड-घागरी घेऊन लोकांच्या दारी. आई त्याच वणवणीत म्हातारी झाली, असं बाबा म्हणतात. ती गेल्यावर बाबांनी पाणाड्याला बोलावलं. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून परसात फिरला, नारळ एका जागी उभा झाला, तिथे मशीन लागली. खूप खोल गेल्यावर पाणी लागलं. गोड, थंडगार, भर उन्हाळ्यात न हटणारं. बाबांनी त्याच आठवड्यात कंपाउंडच्या भिंतीतून एक पाइप बाहेर काढला आणि रस्त्याच्या बाजूला नळ बसवला. ज्याला लागेल त्याने यावं, भरावं. लग्न असो, मयत असो, आमच्या भागात पाणी या नळाचंच. "पाण्याले नाही म्हणू नये," हे बाबांचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना त्यांचा चेहरा आईला काही तरी परत दिल्यासारखा व्हायचा.

भाची या बोअरनंतर जन्मली. तान्ही असताना तिला एकदा जुलाब लागले, तेव्हा नर्सबाईंनी भावजयीला सांगितलं की पोरीला पाणी उकळून पाजत जा. सल्ला बरोबर होता. जंतू उकळल्याने मरतात. पण माझी भावजय काढ्याच्या घरातली. तिच्या माहेरी सर्दी झाली, ताप आला, बाळंतीण झाली, की काढा, आणि काढा म्हणजे गंजभर, पातेलंभर पाण्याचा अर्धा गंज झाला पाहिजे, तेव्हा त्यात ताकद उतरते. तिने पाण्यालाही तोच कायदा लावला. रोज सकाळी गंज चुलीवर, पुढे गॅसवर, आणि अर्धं आटल्याशिवाय उतरवायचा नाही. "सारं वाईट जळून गेलं पाह्यजे ताई," ती मला सांगायची. "माह्या पोरीनं कच्च्या पाण्याचा घोट घेतला नाही आजलोक." शेजारणीसुद्धा कौतुक करायच्या, की पोर वाढवावी तर हिच्यासारखी. मीही करायचे.

मग मीच हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. कॉलेजमध्ये मुलांचा एक प्रकल्प होता, आपापल्या गावचं पाणी आणून तपासायचं. मीही मिरवायला म्हणून बाबांच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून नेलं. मुलांना दाखवायचं होतं, पाणी असावं तर असं. फ्लोराईडच्या तपासणीत लाल रंगाचं द्रावण असतं. पाण्यात फ्लोराईड जितकं जास्त, तितका लाल रंग पिवळा पडत जातो. बाकीच्या परीक्षानळ्या लालसर राहिल्या. आमची पिवळीजर्द झाली. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे कोणत्या गावचं?" मी म्हटलं, आहे एक गाव. पुन्हा करून पाहिलं, मग सरकारी प्रयोगशाळेत बाटली पाठवली. तिथूनही तेच आलं.

फ्लोराईड म्हणजे जंतू नव्हे. उकळून ते मरत नाही. पाणी वाफ होऊन उडून जातं आणि ते खाली राहतं. गंजभर पाण्यातलं सगळं अर्ध्या गंजात. हे लक्षात आलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. घास तसाच हातात राहिला. गावातल्या निष्काळजी आयांची पोरं नळाचं पाणी पीत होती आणि सगळ्यात जपणारी आई आपल्या लेकीला त्याच्या दुप्पट कडक पाजत होती. रोज, वेळेवर, फडक्याने गाळून.

दातांच्या एका डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, पुढच्या कायमच्या दातांचं वरचं कवच मूल तीन-चार वर्षांचं होईपर्यंत हिरडीतच तयार होतं. तुमची भाची त्याच्या पुढे गेली. आता ते दात बदलता येत नाहीत, फक्त बाहेर यायचे राहिलेत. पाणी बदला, मागच्या दाढा आणि हाडं वाचतील. मी उठत होते तेव्हा त्यांनी आणखी एक सांगितलं. "पांढरे आले म्हणून खूश होऊ नका हं मॅडम. असे दात आधी खडूसारखे पांढरेच येतात, डाग मागून धरतात. चमक आहे का ते बघा."

पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा भाचीचे पुढचे वरचे दोन्ही दुधाचे दात हलत होते.

घरी सांगणं सोपं नव्हतं. लग्न झालेल्या लेकीने माहेरच्या पाण्याला नावं ठेवायची नसतात. त्यात हे पाणी बाबांचं. भाऊ तपासणीचा कागद उलटसुलट करून म्हणाला, "आरओ बसवून टाकू." म्हणून मीच यवतमाळहून मशीन आणलं. ते काही दिवस चाललं, मग लाल दिवा लावून टूंटूं करायला लागलं. दुरुस्तीवाला फोनवर उद्या येतो, उद्या येतो म्हणत राहिला आणि इतक्या लांब कधीच आला नाही. शेवटी भावजयीने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला, वर टीव्हीचा रिमोट ठेवला. गावात नाणं टाकून पाणी देणारं यंत्र आहे, त्याच्या दारात शेळ्या बसतात. मी चिडले, सगळ्यांवर. चिडून कोणाचं पाणी शुद्ध होत नाही.

बाबा मात्र कागद बघेनात. "कागदाले काय कळते? इतके वर्स आम्ही पेलो, काय झालं आमाले?" असं म्हणत ते भिंतीला धरून उठले. गुडघे वाकत नाहीत, मान वळत नाही. याला ते म्हातारपण म्हणतात. असेलही. मला आता कशाचंच खात्रीने सांगता येत नाही.

एका रविवारी दुपारी भावजय बचत गटाच्या बैठकीला गेली होती. मी परातीतली कणीक घेतली, गोळ्या केल्या, तुरीच्या काड्या मोडल्या आणि बाबांच्या पुढ्यात ओट्यावर रेणू मांडले. एक सरळ, एक वाकडा. आयुष्यभर बैल जुंपलेल्या माणसाला ओढ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाबा म्हणाले, "म्हंजे एक बैल इकडं, एक तिकडं जुंपला, तं खुट्टा जागीच. आन दोघंबी तिरपे एकीकडं ओढाले लागले, तं खुट्टा उपटला."

"हां. तसंच. पाणी वाकडं आहे म्हणून त्याची ओढ शिल्लक राहते. त्या ओढीनं ते खडकातलं घेऊन येतं."

बाबांनी वाकड्या रेणूच्या काड्या बोटाने सरळ केल्या. मग म्हणाले, "सरळ असतं तं?"

"तर काहीच घेऊन आलं नसतं. पण मग त्यात मीठही विरघळलं नसतं. पाणी म्हणून ते राहिलंच नसतं बाबा. एकमेकांना धरून राहतं म्हणून ते पाणी आहे, नाही तर कधीच हवा होऊन उडून गेलं असतं."

"मंग वाकडं हाय तेच बरं," बाबा म्हणाले. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. गॅसच्या बाजूला पोरीचा गंज पालथा घातलेला होता. "आन उकळून?"

मी उरलेल्या काड्या गोळा करायला लागले.

"बाई, मी इचारून राह्यलो तुले."

"उकळून वाढतं बाबा. जितकं आटवलं तितकं वाढतं."

बाबांनी कणकेची एक गोळी बोटांत दाबून चपटी केली. "हे तिले नोको सांगू," म्हणाले. इतकंच. मग पुन्हा त्यांच्यातला बोअरवाला जागा झाला. "आन माह्या मनातलं इचारशीन, तं मले अजून खरं वाटत नाही. पोरीचे दात येऊ दे. डागाचे आले तं मी सोता नळ काढतो. पांढरे आले तं तू ह्या पाण्याचं नाव पुन्हा घ्याचं नाही."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं की बाबा, पांढरा रंग इथे साक्षीला चालत नाही. पण माझ्याही मनात चोर होता. मलाही कुठे तरी वाटत होतं की येतील, चांगले येतील. माझी तपासणी, सरकारी तपासणी, डॉक्टरीणबाई, सगळे चुकलेले असतील. देवाला नवस बोलून झाला. रसायनशास्त्राच्या बाईने हिरडीतल्या दातांसाठी नवस बोलावा, याला काय म्हणायचं? कळतं पण वळत नाही म्हणतात, माझं सगळं वळलेलंसुद्धा होतं. करण्यासारखंच काही उरलेलं नव्हतं.

बाबांनी मात्र एक केलं. दुसऱ्या दिवसापासून शेतातल्या जुन्या विहिरीचं पाणी भाऊ मोटरसायकलला कॅन बांधून पोरीपुरतं आणायला लागला. जुनी विहीर उथळ, तिचं पाणी मी तपासून पाहिलं होतं, ते ठीक होतं. भावजयीला बाबांनी सांगितलं, "इहिरीचं पाणी नातीले मानवते." ती म्हणाली बरं, आणि तेही आटवायला लागली. बाहेरचा नळ चालूच राहिला. लोक येत होते, भरत होते. नळापाशी उभ्या पोरांच्या तोंडाकडे बघायचं मी टाळायचे. एखादं हसलं तर मान फिरवायचे.

दोन्ही दात एकाच आठवड्यात पडले. आमच्याकडे पडलेला दात शेणाच्या गोळीत घालून घरावर फेकतात, की नवा चांगला येतो. भाचीने माझ्यासाठी दुसरा दात जपून ठेवला होता, काड्यापेटीत. "आत्या, तू फेक. तुह्या हातानं लांब जाते." आम्ही परसात उभ्या राहिलो, मी शेणाची गोळी टिनावर फेकली. ती घरंगळत खाली आली. भाची खो खो हसली, तोंडात मधोमध खिडकी. "पुन्हा," म्हणाली. मी पुन्हा फेकली. या वेळी राहिली. त्या टिनावरच्या गोळीकडे मी पुढचे कितीतरी शनिवार आल्या आल्या बघत असे. मग पावसात ती वाहून गेली.

आणि मग एका शनिवारी मी फाटकातून आत शिरले तर भावजय धावतच बाहेर आली. तिने पोरीला पुढे ओढलं, अंगठ्याने तिचा वरचा ओठ उचलला. "पाहा ताई! पाहा! कशे पांढरेशिपट आले!"

पांढरे होते. खरंच खूप पांढरे. उरलेल्या दुधाच्या दातांपेक्षा कितीतरी पांढरे, आणि त्यांच्यावर आडव्या बारीक रेघा. फळ्यावरचा खडू जसा असतो ना, तसे. उजेड त्यांच्यावर पडत होता आणि तिथेच मरत होता.

"म्या काय म्हणत होती?" भावजय बोलत सुटली. तिचे डोळे भरून आले होते. "तुमी तो कागद आणला तवापासून मले ताई, झोप लागत नोहती. पण मले इश्वास होता. येवढं पाणी आटवून देलं, कसे खराब येतीन? आटवल्यानंच वाचली माही पोर."

मी म्हटलं, "छान आहेत." दुसरं काय म्हणणार होते? भाचीला ओठ वर धरून ठेवायची सवय लागली होती, ती तशीच माझ्याकडे बघत उभी होती. पुन्हा म्हटलं, "खूप छान आहेत."

बाबा ओट्यावरून बघत होते. भावजय चहा ठेवायला आत गेल्यावर म्हणाले, "मंग? हारली ना बाई? आता इहिरीचं आणनं बंद. नळाचं नाव घ्याचं नाही."

पोर तिथेच होती. तिच्यासमोर काही बोलता येत नव्हतं. मी फक्त म्हटलं, "बाबा, तिला जरा उन्हात घ्या. चमक बघा."

ते हसत हसत उठले, नातीचा हात धरून अंगणात गेले, तिची हनुवटी उन्हाकडे केली. बाबांनी जन्मभर कापूस पारखला आहे. किडीने धरलेल्या बोंडातून जो निस्तेज कापूस निघतो त्याला आमच्याकडे कवडी म्हणतात. तो पांढराच असतो, पण वेचणाऱ्याला हातात घ्यायच्या आधी कळतो. बाबा बघत राहिले. त्यांनी डोळे पुसून पुन्हा पाहिलं. मग तिची हनुवटी सोडली आणि म्हणाले, "जा माय, खेळ."

माझ्याकडे आले तेव्हा त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. "कवडी हाय," ते हळूच म्हणाले. "डाग मंग धरतीन?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"आन काहीच करता येत नाही?"

"या दातांचं नाही, बाबा."

रविवारी सकाळी मी उठले तेव्हा बाबा पान्हा घेऊन कंपाउंडच्या बाहेर बसले होते. गुडघे मुडपत नव्हते म्हणून मातीतच फतकल मारली होती. त्यांनी नळाची तोटी काढली आणि पाइपात लाकडाचा खुंट ठोकला. समोरची काकू घागर घेऊन आली होती, ती उभीच राहिली. "काहून हो भाऊ, नळ बिघडला काय?"

मला वाटलं, ते हो म्हणतील. म्हणायला हवं होतं, सोपं होतं. बाबांनी तोटी धोतराला पुसली. "नळ नाही माय. माह्यं पाणी नासलं. वापराचं लागन ते अंदरून ने. पण प्याले कोणी नोका नेऊ."

काकू रिकामी घागर घेऊन माघारी वळली. तिचा विश्वास बसला नाही. तिला वाटलं, म्हाताऱ्याने पाणी बंद केलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला तसंच वाटत होतं, आणि बाबा कोणालाच काही समजावत बसले नाहीत. ज्याने कधी पाण्याला नाही म्हटलं नव्हतं, त्याच्या दारावरून लोक रिकाम्या घागरी वाजवत जात होते. बाबा तोटी खिशात घालून घरात येऊन बसले, भिंतीकडे तोंड करून.

मी निघायच्या आधी चहाचा कप ठेवायला स्वयंपाकघरात गेले. गॅसवर पोरीचा गंज होता. विहिरीचं पाणी खळखळ उकळत होतं, वर वाफ, खिडकीची काच ओली. भावजय पदराने कपाळ पुसत उभी होती. कालपासून तिचा आनंद मावत नव्हता. गंज अजून अर्ध्यावर आला नव्हता.

"उकळी आली की बंद करत जा गं," मी म्हटलं. "एवढं आटवायची गरज नाही."

"काहून?"

तिच्याकडे बघून मला खरं सांगवेना, आणि खोटं पटकन सुचेना. "गॅस किती जातो," मी म्हटलं.

ती हसली. "गॅस कायले पाह्याचा ताई? पोरीपरीस मोठा हाय काय गॅस?" असं म्हणून तिने बटण फिरवलं आणि आच आणखी मोठी केली.